चासीतली वाळू: जीपने डहाणू-तलासरी

यंदा डहाणूला जायचं की नाही, यावर आमच्या घरात चर्चा झालीच नाही. शशीने परस्पर जाहीर करून टाकलं की जानेवारीत जायचं, जीपनेच जायचं आणि गाडी मी चालवायची. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू, तुझी पाठ दुखेल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला सख्ख्या भावाच्या लग्नाला लेंग्यावर जायला सांगितलं होतं. मग मी बॅगा भरायला घेतल्या.

नवीन वाचकांसाठी सांगते. शशी माझा नवरा. दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, बुद्धी वाचली, खवचटपणा तर तसूभरही कमी झाला नाही, पण डावा हात आणि डावा पाय गेला. म्हणजे गियरचा हात आणि क्लचचा पाय. व्यायाम घ्यायला घरी केतकी नावाची मुलगी येते. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं की काका, बरं झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय? लोक म्हणत असतील की चालायचंय, हाताने जेवायचंय. हा म्हणाला, क्लच दाबायचाय.

त्या दिवसापासून त्याला व्यायामासाठी कधी मागे लागावं लागलं नाही. उशीवर डावा पाय ठेवून दाबत बसायचा, घाम फुटेपर्यंत. किती थोडी सुधारणा होईल ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं आणि ते ऐकून मी जिन्यातच बसले होते. शशीला मी त्यातलं काही सांगितलं नाही. खाली पार्किंगमध्ये जीप उभी आहे तोवर हा व्यायाम सोडणार नाही, एवढं मला कळलं होतं. तेवढ्यावर आमचं घर चाललं होतं.

जीपला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. नोंदणी नव्याने करायची तर आधी गाडी तपासणीत पास व्हायला हवी. म्हणून शशीचं म्हणणं, एकदा लांबचा फेरा मारू, खराब रस्त्यावर घालू, कुठे काय वाजतंय ते ऐकू आणि परत येऊन सगळं दुरुस्त करून घेऊ. त्याला जीप पास होण्याबद्दल शंका नव्हतीच. ज्याने गाडी इतकी सांभाळली त्याला कसली भीती, असं तो चारचौघांत म्हणायचा.

आणि सांभाळायचा तो खरंच. आमच्या घरात देवपूजा नाही, पण रविवारची जीप आहे. सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढून बघायची. ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरीची टोकं. टायरमधली हवा स्वतःच्या मीटरने मोजायची, पंपवाल्याच्या नाही. स्प्रिंगच्या पाट्या गाडीला जोडणाऱ्या शॅकलला आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस गनने ग्रीस, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. कुठे जायचं नसलं तरी महिन्यातून एकदा फोर बाय फोर लावून मैदानात थोडं चालवायचं, नाहीतर वापर नसला की तेच आधी जाम होतं. ओढ्यातून गाडी काढली असेल तर एक्सलच्या हाउसिंगचं ऑइल उघडून बघायचं, दुधाळ दिसलं की आत पाणी गेलं. झटक्यानंतरही हे चुकलं नाही. तो खुर्ची टाकून बसायचा, मी गाडीखाली आडवी व्हायचे आणि तो वरून माझ्या चुका काढायचा.

त्याचा सगळ्यात आवडता विधी मे महिन्यातला. पावसाच्या आधी गाडी वर उचलून खालून जाड काळा लेप मारून घ्यायचा, गंज लागू नये म्हणून. चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ज्यावर बाकी सगळं बसलेलं असतं, ती आतून पोकळ असते आणि तिला जागोजागी भोकं असतात. शशी लेपवाल्याच्या डोक्यावर उभा राहून एकूण एक भोक बुजवून घ्यायचा. समुद्रावर जाणाऱ्या गाडीत पाण्याला शिरायला वाटच ठेवायची नाही, हे त्याचं तत्त्व. आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपमधल्या कितीतरी जणांनी त्याचं बघून आपापल्या जीपला तसंच करून घेतलं.

कल्याणहून आम्ही उजाडताना निघालो. भिवंडी-वाडा रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांनी माहीत करून घेऊ नये. मनोरला हायवे लागला. काँक्रीटचं काम संपत आलंय म्हणतात, तरी मधूनच एक लेन बंद आणि ट्रकांची रांग. चारोटी नाक्याला हायवे सोडून डावीकडे डहाणूच्या रस्त्याला लागलं की जिवात जीव येतो. दोन्ही बाजूंना साग, मधे गवताच्या गंजी, वीटभट्ट्या. रानशेतला चहाला थांबलो. थांबलं की उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाला हात लावून बघायचा, एखादं जास्त गरम लागलं तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. मी हात लावून आले. शशीने आतून विचारलं, चारही? मी म्हटलं, नाही, पाचव्यालाही लावला. स्टेपनी थंड होती.

डहाणूत जेवलो. गावात थाळीचे बरेच पर्याय आहेत, दोघांचं पाचशेच्या आत मस्त होतं, फक्त दुपारी उशिरा गेलात तर मासळी संपलेली असते. तिथून चिंचणीच्या बाजूने वरोर. आम्ही जयवंतीवहिनींकडे उतरतो, आज किती वर्षं झाली त्याची गणती नाही. त्यांच्या घरची बोट आहे, त्या बोंबील सुकवतात आणि बाजारात विकतात. पहिल्यांदा आमची जीप वाळूत रुतली होती तेव्हा त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग माणसं बोलावून बाहेर काढून दिली. तेव्हापासूनची ओळख. गेल्या वर्षी येणं झालं नव्हतं, त्यामुळे झटक्यानंतर शशीला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पडवीतली उंच खुर्ची आणून जीपच्या दाराशी ठेवली, म्हणजे त्याला उतरायला सोपं जाईल.

डहाणूकडच्या किनाऱ्यांवर आता गाड्या नेऊ नयेत अशा पाट्या आहेत आणि त्या पाळा. वरोरला ओहोटीच्या वेळी गावातले टेम्पो मासळी आणायला बोटींपर्यंत खाली उतरतात. त्यांच्या मागून जयवंतीवहिनींच्या टोपल्या आणायला आमची जीप नेहमी जाते, तशी याही वर्षी गेली. टायरमधली हवा कमी केली, लो गियर टाकला. शशीचा उजवा हात डॅशबोर्डवर होता. मला म्हणाला, थांबू नकोस, वळू नकोस, पाय स्थिर ठेव. ओल्या वाळूवरून जीप अलगद बोटीपर्यंत गेली, टोपल्या भरल्या, परत आलो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. त्याचा डावा पाय, खोटं वाटेल, पण माझ्या प्रत्येक गियरबरोबर जरासा हलत होता.

मग धुणं. खाऱ्या पाण्यावरून गाडी आणली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, उद्यावर टाकायचं नाही. वहिनींच्या विहिरीच्या पंपाला नळी लावून मी चाकांच्या आत, पाट्यांमधून, टाकीच्या वरून पाणी मारलं. शशी खुर्चीवरून बोट दाखवत होता. बांबूच्या मांडवावर बोंबील टाकता टाकता वहिनी म्हणाल्या, “माणसाला पन एवडं कोन धुवत नाय, वहिनी.”

“माणूस वाळूत जात नाही ना,” शशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघालो. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. हा रस्ता गर्दीच्या सुट्ट्या सोडून कधीही करावा. घोलवडला चिकूच्या सुकवलेल्या फोडी घेतल्या. बोर्डीहून झरीवरून तलासरीकडे जाताना दुकानांच्या पाट्या कधी मराठी कधी गुजराती होतात आणि माणसं दोन्ही एकाच वाक्यात बोलतात. तलासरीच्या पुढे धरणाच्या बाजूला एक कच्चा रस्ता आहे, दगडगोटे आणि एक सुकलेला ओढा. शशीला जीप तिथे घालायची होती, सगळे आवाज ऐकायला.

ओढ्यातून वर चढताना मागून आवाज आला. धाड. मग प्रत्येक खड्ड्याला धाड. शशीने डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला: मागे, डावीकडे, शॅकलचा बूश गेला. रबराचा छोटा तुकडा, एका तासाचं काम. तो खूश होता. एवढ्या वर्षांत फक्त एक बूश, असं त्याने मला दोनदा ऐकवलं.

तलासरीत हायवेजवळ एक गॅरेज सापडलं, खड्ड्यावर गाडी घेऊन खालून काम करता येईल असं. मालक भरतभाई, पन्नाशीचा शांत माणूस. शशीला त्याने दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि जॅक लावून खड्ड्यात उतरला. शशी त्याला बाहेरून सूचना देत होता, तो हो साहेब, हो साहेब करत होता. बोल्ट जाम होता. त्याने हातोडा मारला. ठण. पुन्हा मारला, ठण. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो लोखंडाचा नव्हता. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.

शशीचं बोलणं थांबलं.

भरतभाईने खालून, काहीतरी बघायला, मला हाक मारली, शशीला नाही. “मॅडम, तुम्ही जरा खाली येऊन जुओ ने.”

मी उतरले. बूश चांगला होता. तो ज्या पट्टीला धरलेला असतो ती पट्टी चासीपासून सुटून लोंबत होती आणि तिच्याबरोबर चासीचाही तळहाताएवढा तुकडा आला होता. वरचा काळा लेप अजून चकचकीत. त्याच्या आत लोखंड नव्हतंच, तपकिरी पापुद्रे होते. भरतभाईने पाना लावून जरा पुढे दाबलं तर तिथेही लेप आत गेला. आणि त्या भगदाडातून खड्ड्यात काहीतरी पडायला लागलं. आधी थोडं, मग ढीगभर. वाळू. ओली, गंजाने लाल झालेली वाळू.

भरतभाई काही शहाणपण शिकवायला गेला नाही. तो स्वतःच गांगरला होता. म्हणाला, मी तर बूश बदलायला घेतला होता, मॅडम, मी काही तोडलं नाही. मी म्हटलं, मला दिसतंय.

वरून शशीने विचारलं की काय पडलं. मला एखादं खोटं चटकन सुचलं असतं तर मी बोलले असते. सुचलं नाही. तो म्हणाला, काय असेल ते वर आण. मी मूठभर वाळू घेऊन वर आले आणि त्याच्या उजव्या हातावर ठेवली. त्याने ती बोटांनी चोळली. मग, भरतभाई आणि मी बघत असताना, चिमूटभर जिभेवर ठेवली.

“खारी आहे,” तो म्हणाला.

 हायवेवरून ट्रक जात होते. थोड्या वेळाने तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पाणी आत जाऊ नये म्हणून बुजवली होती मी भोकं.”

ती भोकं पाणी आत जायला नसतातच. आत गेलेलं बाहेर यायला असतात. पाणी काही त्या भोकांवर अवलंबून नसतं, ते सांध्यांमधून, वायरीच्या वाटेने, कुठूनही शिरतं. शिरलेलं खारं पाणी आणि वाळू बाहेर यायला वाट राहिली नाही, आणि दर मे महिन्यात आम्ही वरून नवा लेप देऊन ते आणखी पक्कं बंद केलं. बाहेरून मी तासभर गोडं पाणी मारत होते. आत वर्षानुवर्षांची वाळू भिजत बसली होती. हे सगळं शशीने त्या खुर्चीवर बसून एका मिनिटात जुळवलं. मला जुळवायला घरी येईपर्यंतचा रस्ता लागला.

भरतभाईने पत्रा लावून वेल्डिंग करून बघितलं. पकडायला चांगलं लोखंडच उरलं नव्हतं, जिथे आच लावावी तिथे भोक पडत होतं. त्याने दुसरी बाजूही तपासली आणि मग पाना बाजूला ठेवला. दुसरी चासी टाकायची तर तिचा नंबर, त्याची परवानगी, आणि खर्च एवढा की त्यात दुसरी जुनी जीप येईल. चालवत घरी नेऊ नका, एवढंच तो ठामपणे म्हणाला. त्याने कष्टाचे पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवून आले.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. आळशी माणसांच्या गाड्या आमच्या ग्रुपमध्ये अजून पळताहेत. त्यांनी लेप मारला नाही, भोकं बुजवली नाहीत, त्यांच्या चासीतलं पाणी आपलं आपण गळून गेलं. ज्याने डोळ्यांत तेल घालून सांभाळली त्याची गेली.

जीप एका सपाट ट्रकवर चढवली आणि आमच्यासाठी तलासरीतून भाड्याची गाडी केली. नेमका तो ट्रक आमच्या पुढे लागला. जीप त्यावर उलटी उभी होती, तोंड आमच्याकडे. दापचरीच्या पुढे शशीने ड्रायव्हरला सांगितलं की याला मागे टाक. ड्रायव्हर वेवजीचा, बडबड्या होता, उबाडियू खाणार का विचारत होता, रस्त्याकडेच्या मडक्यांतून धूर निघत होता. हिवाळ्यात या पट्ट्यात आलात तर ते जरूर खा, पापडी, कंद, सगळं मडक्यात भाजलेलं. आम्ही खाल्लं नाही. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या फाट्यावर त्याने वेग कमी केला, सगळे थांबतात म्हणून. आम्हीही दर वर्षी थांबतो, दर्शन मी घेते आणि शशी गाडीला टेकून चहा पितो. शशी म्हणाला, नको, चला. घरापर्यंत तो एवढंच बोलला.

हे लिहायला तीन आठवडे गेले. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, विशेषतः शशीचं ऐकून ज्यांनी भोकं बुजवली त्यांच्यासाठी. येत्या रविवारी गाडीखाली जा. चासीच्या तळाला भोकं शोधा, लेपाने बंद असतील तर उघडा. तार घालून फिरवा. नळीचं तोंड आत घालून एका टोकाने पाणी सोडा आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ येईपर्यंत थांबा. लहान हातोडीने चासी शेवटपर्यंत वाजवत जा आणि आवाज बदलतो का ऐका. लेप मारायचा तर आधी हे करा आणि भोकं उघडी ठेवूनच मारा. ग्रुपवर मी हे टाकलं तेव्हा दोघांच्या गाड्यांतून वाळू निघाली, त्यांच्या चासी अजून शाबूत आहेत. शशीला सांगितलं. तो बरं म्हणाला.

जीप परवा भंगारात गेली. माणसं न्यायला आली तेव्हा तो बाल्कनीत आला नाही, आतल्या खोलीत टीव्ही बघत होता. केतकी आली होती. त्याने तिला नमस्कार केला, तब्येत विचारली आणि आज नको म्हणाला. त्याच्या आधीच्या वेळीही नकोच म्हणाला होता, आणि त्याच्या आधीही. ती बिचारी माझ्याकडे बघून निघून गेली.

मग मी चिडले. मी म्हटलं की गाडी गेली, तू आहेस ना, इतके महिने केलंस ते फुकट घालवणार का? कितीतरी बोलले. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साध्या आवाजात बोलला, मला समजावत असल्यासारखा.

“नीला, हे सगळं वरून चाललंय गं. आत काय उरलंय ते कोणी बघितलंय?”

डॉक्टरांनी तेव्हा बाहेर बोलावून मला काय सांगितलं होतं ते मला शब्द न शब्द आठवलं.  मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि केतकी करते तशी एकेक बोट उघडायला आणि मिटायला लागले. त्याने हात काढून घेतला नाही. पण जोरही लावला नाही.